कार-फेरी विमानांच्या जुन्या लिव्हरीज (फ्लाइट सिम्युलेटरसाठी)

कार-फेरी विमान म्हणजे माणसं आणि त्यांच्या गाड्या एकत्र समुद्रापार नेणारं विमान, आणि त्यांचे जुने रंग, पट्टे, नावं (म्हणजेच ‘लिव्हरी’) फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या विमान उडवण्याच्या खेळात, पुन्हा उभं करण्याला हौशी मंडळी ‘रिपेंट’ म्हणतात.

ह्याची मूळ गोष्ट इंग्लिश खाडीवरची. सिल्व्हर सिटी एअरवेज या ब्रिटिश कंपनीने जुलै १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या लिम इथून फ्रान्सच्या ल तुकेला ब्रिस्टल फ्रेटर या मालवाहू विमानातून गाड्या न्यायला सुरुवात केली, उड्डाण साधारण वीसेक मिनिटांचं, गाडी थेट विमानाच्या नाकातून आत चढवायची. १९५४ पासून लिडचा विमानतळ त्यांचा मुख्य तळ झाला. दुसरीकडे इंग्लंडमधल्याच साउथएंडवरून चॅनल एअर ब्रिज ही कंपनी, त्यामागे फ्रेडी लेकर हे विमान-व्यावसायिक, आणि त्यांनीच डीसी-४ या प्रवासी विमानाचं नाक कापून वर कॉकपिट बसवलेलं एटीएल-९८ कारव्हेअर काढलं. पहिलं उड्डाण २१ जून १९६१, एकूण फक्त २१ विमानं बनली, एकात पाच गाड्या आणि वीस-बावीस प्रवासी बसायचे. १९६३ च्या सुरुवातीला दोन्ही कंपन्या मिळून ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज झाल्या, १९६७ मध्ये नाव बदलून ब्रिटिश एअर फेरीज. पुढे नव्या समुद्री फेऱ्या आणि हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर पाण्यावरून धावणारं वाहन) आल्यावर हा धंदा बसला.

रिपेंट करणाऱ्यांची गंमत, किंवा डोकेदुखी म्हणा, इथेच सुरू होते. ‘कारव्हेअरचे रंग’ असं काही नसतं, असतं ते एका विमानाचं एका वर्षीचं रूप. जी-एएनवायबी या रजिस्ट्रेशनचं (विमानाच्या नोंदणी क्रमांकाचं) पहिलं कारव्हेअर घ्या, चॅनल एअर ब्रिजकडे असताना त्याचं नाव ‘गोल्डन गेट ब्रिज’, कारण त्या कंपनीने विमानांना पुलांचीच नावं दिली होती, मग वर्षभरात कंपनीच विलीन झाली. म्हणून आधी रजिस्ट्रेशन आणि तारीख ठरवायची, मग रंग. उलट केलं की हमखास घोळ होतो.

रंग ठरवणं सगळ्यात वैतागाचं काम. काळ्या-पांढऱ्या फोटोत निळा आणि लाल जवळपास एकाच करड्या छटेचे दिसतात, आणि रंगीत स्लाइड पन्नास-साठ वर्षांत उतरलेली असते, त्यामुळे फोटोवरून सरळ कलर पिकरने (चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनाने) रंग उचलणं हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा. एकाच विमानाचे दोन-तीन वेगवेगळ्या उन्हातले फोटो शेजारी ठेवून, पांढऱ्या भागावरून अंदाज घेतलेला बरा. एअर लिंगस या आयरिश कंपनीच्या तीन कारव्हेअर्सचं मात्र सोपं, हिरवा आणि शेपटीवर शॅमरॉक (तीन पाकळ्यांचं पान), चुकायला फारसा वाव नाही.

पुढचं काम टेक्श्चरचं, म्हणजे मॉडेलवर गुंडाळल्या जाणाऱ्या सपाट चित्राचं. मॉडेल बनवणाऱ्याने पेंट किट (रंगवायला तयार कोरं चित्र) दिलं असेल तर नशीब, नाहीतर यूव्ही मॅपवर (चित्राचा कुठला भाग विमानावर कुठे बसतो त्या नकाशावर) पट्टा कुठे तुटतो ते चाचपडत शोधायचं. कारव्हेअरचं ते टपोरं कपाळ इथे छळतं, सपाट चित्रावर सरळ काढलेला पट्टा विमानावर गेल्यावर वाकडा दिसतो, आणि नाकाच्या दाराच्या फटीवर जुळत नाही. दोन्ही बाजूंना एकच टेक्श्चर वापरलं असेल तर एका बाजूची अक्षरं उलटी होतात, त्याला मॉडेलमध्येच बदल लागतो. अक्षरांना आजचे फॉन्ट लावू नयेत, तेव्हा साइनबोर्डवाल्याच्या हाताने रंगवलेली असायची म्हणून फोटोवरून व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत) गिरवतात. एफएसएक्ससाठी (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) फाइल डीडीएस या चित्र-प्रकारात, आणि तीही वरची बाजू खाली अशी उलटी करून सेव्ह करावी लागते, मग ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ या विमानाच्या माहितीच्या फाइलमध्ये नवीन नोंद. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ‘लिव्हरीज’ फोल्डरात टाकलं की काम झालं.

चकाकी हा वेगळा विषय. तेव्हाची बरीच विमानं खाली उघड्या धातूची असायची, पण कामाची विमानं होती ती, रोज गाड्या चढवून-उतरवून मळलेली. आरशासारखा चकचकीत ठेवला की खोटा वाटतो. इंजिनांमागे तेल-धुराचे डाग हवेतच, नाकाच्या दाराभोवती ओरखडेही.