वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही
बेळगाव-खानापूर भागात एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळू लागला की शिवारात वीज पडते, आणि ‘त्याला शिवू नका, अंगात करंट आहे’ या जुन्या समजुतीपायी मदतीला धावलेली माणसे बांधावरच थांबतात. ही समजूत साफ चुकीची आहे. वीज क्षणार्धात जमिनीत उतरते. शरीर ती साठवून ठेवत नाही. मृत्यू बहुधा हृदय बंद पडल्याने येतो, म्हणून श्वास थांबलेल्याला लगेच उताणे निजवून, छातीच्या मधोमध तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. तुटलेल्या विजेच्या तारेत मात्र प्रवाह चालू असू शकतो. या दोहोंच्या गफलतीतूनच ही भीती रुजली असावी.