मागच्या काचेवर ब्लेड चालवण्याआधी
"गाडीची जुनी फिल्म ब्लेडने खरवडा, काचेला काही होत नाही," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बाजूच्या काचांपुरता तो बराचसा खरा आहे, म्हणून पटतोही. अडचण मागच्या काचेची. तिथल्या डिफॉगरच्या (विजेने तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) बारीक रेषा सहसा काचेच्या आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या असतात, आणि फिल्म नेमकी त्यांच्यावरच चिकटवलेली असते. ब्लेडने रेष तुटली की तिच्यातला वीजप्रवाह थांबतो. खात्री करायची तर फिल्म नसलेल्या गाडीत आतून हलकं नख फिरवा, उंचवटा लागेल. रेष आधीच तुटलेली असेल, तर दमट सकाळी डिफॉगर लावल्यावर तिथला पट्टा धूसरच राहतो. म्हणून मागच्या काचेवर वाफेने गोंद मऊ करून फिल्म कोपऱ्यापासून सावकाश सोलायची. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने, रेषांच्या दिशेने पुसायचा. काम कंटाळवाणं आहे खरं.