जुन्या गाडीत नवं इंजिन : पार्श्वभूमी

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, गाडीचा जीवच गेला. दुसऱ्याचं, निदान रस्त्यावर तरी आली. ही हल्लीची टूम आहे असं मात्र दोघंही धरून चालतात. प्रत्यक्षात हा उद्योग मोटारींच्या इतिहासाइतकाच जुना म्हणावा लागेल, आणि 'मूळ इंजिनच हवं' हा आग्रहच त्यामानाने अलीकडचा. मागे वळून पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हॉर्सपॉवरच्या गप्पा सगळेच मारतात, पण कोणत्या गाडीत कोणतं इंजिन गेलं हे बहुतेक वेळा भंगारवाल्याकडे त्या काळात काय ढिगाने पडलेलं होतं यावरून ठरलं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा हा ढीग विमानांच्या इंजिनांचा होता. 1921 साली लुई झ्बोरोव्स्की या हौशी आणि श्रीमंत रेसरने इंग्लंडमध्ये मर्सिडीजच्या चेसिसवर मायबाखचं सहा सिलिंडरचं, तब्बल 23 लिटरचं विमानाचं इंजिन चढवलं आणि ती गाडी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळवली. पुढे त्यानेच लिबर्टी या विमानाच्या 27 लिटरच्या व्ही-12 (व्ही आकारात बारा सिलिंडर) इंजिनाची आणखी एक गाडी बांधली. तो 1924 मध्ये इटलीतल्या माँझाच्या शर्यतीत मरण पावला, आणि ही गाडी जे. जी. पॅरी-थॉमस या रेसरकडे आली. त्यांनी तिचं नाव 'बॅब्स' ठेवलं आणि 1926 मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावरच्या वाळूवर ताशी 171 मैलांचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी तिथेच, तीच गाडी चालवताना त्यांचा मृत्यू झाला. या गाड्या रोजच्या वापराच्या नव्हत्या हे उघड आहे. पण युद्धासाठी बनवलेलं आणि युद्धानंतर कुणालाच नको असलेलं इंजिन स्वस्तात उचलायचं, हा हिशेब तिथेच सुरू झाला.

सामान्य माणसाच्या आवाक्यात ही गोष्ट आली ती फोर्डमुळे. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनल्या. इंजिन चार सिलिंडरचं, ताकद 20 हॉर्सपॉवर. त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये ती 40 झाली. मग 1932 मध्ये फोर्डने साध्या, स्वस्त गाडीत व्ही-8 दिलं: 221 घनइंच, म्हणजे सुमारे 3.6 लिटर, आणि 65 हॉर्सपॉवर. तोपर्यंत आठ सिलिंडर ही पैसेवाल्यांची चैन होती. काही वर्षांत ठोकलेल्या, मोडीत निघालेल्या फोर्ड गाड्यांमधून ही इंजिनं भंगारात येऊ लागली, आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातल्या पोरांनी ती हलक्या मॉडेल टी आणि मॉडेल एमध्ये घालायला सुरुवात केली. म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर ती पोरं गाड्या पळवत. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एक संघटना उभी केली, तीच एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन). अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणत, आणि त्यांचं 'हॉट रॉड' हे मासिक निघालं ते जानेवारी 1948 मध्ये.

हे इंजिन काही निर्दोष नव्हतं. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागातच, बाजूला बसवलेले. त्यामुळे जळलेला वायू बाहेर पडायचा तो ब्लॉकच्या पोटातून, कूलिंगच्या पाण्याला चाटून. साहजिकच पाणी तापायचं आणि रेडिएटर शिट्ट्या मारायला लागायचा. त्यात जुन्या फोर्डचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा, जाड नळीत बंद असायचा आणि मागच्या चाकांचा सगळा रेटा त्या नळीतून पुढे यायचा. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला की मागचा एक्सलही बदलावा लागे. ब्रेक तर 1938 पर्यंत रॉडवर चालणारे. दुप्पट ताकद आणि ब्रेक मात्र तेच, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. म्हणून 1939 पासूनच्या फोर्डमधले हायड्रॉलिक ब्रेक काढून जुन्या गाडीला लावायची पद्धत पडली. इंजिन बदललं की बाकीचं सगळं पाठोपाठ बदलावं लागतं हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. ज्यांचे प्रकल्प अर्धवट पडून राहतात, ते इंजिनापायी क्वचितच अडकतात. ते अडकतात या 'बाकीच्या सगळ्या'त.

1949 मध्ये कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिल यांनी व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणासारख्या भागात) असलेलं नवं व्ही-8 आणलं. कॅडिलॅकचं 331 घनइंचाचं इंजिन 160 हॉर्सपॉवर देत होतं. इंग्लंडमधल्या अ‍ॅलार्ड कंपनीने तर यावरच धंदा उभा केला. त्यांच्या जे-2 गाड्या अमेरिकेला बिनइंजिनाच्याच जात, आणि इंजिन तिथे बसवलं जाई. 1950 च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीत सिडनी अ‍ॅलार्ड आणि टॉम कोल यांनी कॅडिलॅक इंजिनाची जे-2 तिसऱ्या क्रमांकावर आणली.

पण खरं वळण आलं ते 1955 मध्ये, शेवरलेच्या 'स्मॉल ब्लॉक' या आटोपशीर व्ही-8 मुळे. सुरुवातीचं इंजिन 265 घनइंचाचं, साध्या रूपात 162 हॉर्सपॉवरचं. आकड्यांत त्याला मागे टाकणारी इंजिनं बाजारात होती, क्रायस्लरचं 'हेमी' नावाचं व्ही-8 ही आलेलं होतं. तरी जिकडेतिकडे दिसू लागलं ते शेवरलेचंच. ते लहान होतं, वजनाला बेताचं होतं आणि अमाप बनत होतं. शिवाय 283, 327, 350 घनइंच असं वाढत जाताना त्याच्या बाहेरच्या जोडणीच्या जागा कित्येक दशकं फारशा बदलल्याच नाहीत. 1957 चा गिअरबॉक्स 1975 च्या इंजिनाला लागतो म्हटल्यावर मेकॅनिकला आणखी काय हवं? इंजिन बदलण्यासाठी तयार माउंटिंग (इंजिन चेसिसवर धरणारे आधार) विकायचा वेगळा व्यवसायच निघाला. पुढे गिअर शिफ्टरसाठी गाजलेली हर्स्ट कंपनी सुरुवातीला अशी माउंटिंगच बनवायची. 2011 मध्ये शेवरलेची मालक जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक तयार झाल्याचं जाहीर केलं. त्यात नंतरच्या पिढ्याही धरलेल्या आहेत, पण ढीग केवढा झाला असेल याचा अंदाज यावा.

'बसलं' म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू. बॉनेटखाली लांबी-रुंदी पुरली म्हणजे काम झालं असं नसतं. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग, मागे असतो. त्यामुळे इंजिन मागे सरकवलं की तो केबिनच्या पुढच्या पत्र्यावर आदळतो, आणि पुढे सरकवलं तर पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे असला तर चेसिसच्या आडव्या पट्टीला अडतो, मग मागे खोल असलेला चेंबर शोधा. स्टिअरिंगचा दांडा एका बाजूने उतरतो, नेमका एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागेवर. हे सगळं जमलं तरी खरी कसोटी इंजिन आणि परका गिअरबॉक्स यांच्यामधल्या अ‍ॅडॅप्टर प्लेटची. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावे लागतात, आणि त्यात चालतो तो फरक इंचाच्या काही हजाराव्या भागांइतका. डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत हे तपासतात. आळस करून हे सोडलं तर गाडी सुरू होते, चालतेही. काही महिन्यांनी क्लच चिकटायला लागतो आणि बेअरिंग ओरडायला लागतं. दोष मग भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सच्या माथी जातो.

कारखान्यांनीही हाच खेळ खेळला. एसी या इंग्लिश कंपनीची 'एस' ही देखणी दोन सीटची गाडी. तिला मिळणाऱ्या ब्रिस्टल इंजिनाचं मूळ युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू 328 मध्ये होतं. ब्रिस्टलने ते बनवणं थांबवलं, आणि 1962 मध्ये कॅरॉल शेल्बी या अमेरिकन रेसरच्या खटपटीतून त्याच गाडीत फोर्डचं 260 घनइंची व्ही-8 गेलं. तीच कोब्रा. ब्यूइकच्या अ‍ॅल्युमिनियम व्ही-8 ची कथा याहून मजेशीर आहे. 215 घनइंचाचं, जेमतेम 145 किलोचं हे इंजिन 1961 मध्ये आलं आणि 1963 नंतर कंपनीने बंद केलं. रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि 1967 पासून आपल्या गाड्यांत बसवलं. मग इंग्लंडमधल्या कारागिरांनी ते एमजी कंपनीच्या एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स गाडीत घातलं. एमजीबीचं चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन जवळपास त्याच वजनाचं असल्याने गाडीचं नाक जड झालं नाही. शेवटी एमजी कंपनीलाच जाग आली आणि 1973 मध्ये एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आली. माझ्या मते आजवरच्या सगळ्या अदलाबदलींत ही सर्वांत समंजस.

त्या काळी मूळ इंजिनाची कुणाला फिकीर नव्हती. जुनी रेसिंग फेरारी म्हणजे निव्वळ जुनी गाडी. तिचं इंजिन गेलं आणि दुरुस्ती परवडेना, की शेवरलेचं व्ही-8 आत. अशा बऱ्याच फेरारी होत्या. त्याच गाड्यांची मूळ इंजिनं आज जगभर शोधून, अफाट पैसे मोजून परत बसवली जातात. गाडीच्या नंबराशी जुळणारा नंबर इंजिनावर आहे का, हे पाहायची सवय जुन्या गाड्या गुंतवणूक म्हणून विकल्या जाऊ लागल्या तेव्हा पक्की झाली. आज काही गाड्यांची निम्मी किंमत ब्लॉकवर ठोकलेल्या त्या चार अक्षरांत असते, त्यामुळे खोटे नंबर ठोकणारेही निघाले.

कायद्याचा शिरकाव प्रदूषणापासून झाला. कॅलिफोर्नियातला नियम असा, की बदली इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं आणि त्याच्यासोबत आलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा जागेवर असावी. 1975 आणि त्याआधीच्या गाड्या मात्र नियमित तपासणीतून सुटतात. ब्रिटनमध्ये खूप बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला अनेक वर्षं गुणांची पद्धत होती. गाडीचा मूळ नोंदणी क्रमांक टिकवायला आठ गुण लागत, त्यातले चेसिसला पाच आणि इंजिनाला फक्त एक. सरकारी हिशेबात 'गाडीचा जीव' केवढासा होता ते यावरून कळतं.

त्यानंतरचा मोठा बदल लोखंडात झालाच नाही, तो तारांत झाला. 1997 मध्ये शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीसोबत एलएस-1 हे नवं व्ही-8 आलं: 5.7 लिटर, अ‍ॅल्युमिनियमचं, 345 हॉर्सपॉवरचं. दोनच वर्षांत त्याची लोखंडी भावंडं पिकअप ट्रकांत आली आणि पुढे त्या ट्रकांसोबत भंगारात. इतर कंपन्यांच्या व्ही-8 मध्ये दोन-दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हेडवर चढल्याने ती रुंद झाली होती. याचा एकच कॅमशाफ्ट मात्र जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्येच, म्हणून ते अरुंद राहिलं. आधीच्या पिढीचं स्मॉल ब्लॉक जिथे बसायचं तिथे तर ते बसलंच. माझ्दाच्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्यांतही शिरलं. आता अडचणी वेगळ्या होत्या. कार्बोरेटरला 5-7 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने पेट्रोल पुरायचं, याला 58 लागतं. म्हणजे नवा पंप, नवे पाइप, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत पडदे. इंजिनाच्या कॉम्प्युटरला चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा सिग्नल हवा असतो, तो जुन्या गाडीत नसतोच. सगळं बरोबर जोडूनही इंजिन दोन सेकंद चालून बंद पडतं, आणि जुन्या पिढीचा मेकॅनिक प्लग पुसत बसतो. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधला चोरी रोखण्याचा तो भाग काढून टाकणं आणि नको त्या तारा सोडवून वायरिंग आटोपशीर करणं, हा आता वेगळा धंदा आहे.

याच धाग्यातली ताजी गाठ म्हणजे इलेक्ट्रिक मोटर. जग्वारने 2017 मध्ये इलेक्ट्रिक केलेली ई-टाइप दाखवली, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नात ती सगळ्या जगाने पाहिली. अपघातात गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरी आणि बॅटऱ्या आता सुटून विकल्या जातात, म्हणजे ढीग पुन्हा तयार होतोय. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक महासंघाने 2019 मध्ये भूमिका घेतली, की असा बदल केलेली गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही. आणि कुणी केलाच, तर तो उलटा फिरवता यावा आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. म्हणूनच आताचे बरेच व्यावसायिक मूळच्या बोल्टच्या भोकांवरच मोटर बसवतात, चेसिसला करवत लावत नाहीत, आणि काढलेलं इंजिन तेल घालून, पेटीत बंद करून मालकाच्या स्वाधीन करतात.