गुडघ्याचं ऑपरेशन: निर्णयामागची पार्श्वभूमी

‘वाटी बदलली’ असं आपण म्हणतो, पण खरी वाटी अनेकदा जागेवरच राहते. बदलतो तो मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचा झिजलेला पृष्ठभाग. दोन्हीकडचं साधारण ९-१० मिलिमीटर हाड कापून वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक आणि मधे पॉलिथिलीनची चकती बसवतात.

१८९० मध्ये बर्लिनला थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी काही रुग्णांच्या गुडघ्यांत हस्तिदंती बिजागरी बसवली. ते सांधे क्षयरोगाने पोखरलेले होते, जंतुसंसर्गाने प्रयोग फसला. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या, त्याही सैल होऊ लागल्या. गुडघा वाकताना थोडा फिरतो, सरकतो. बिजागरीला ते जमत नाही, म्हणून सगळा पीळ हाडात रोवलेल्या दांड्यावर येई. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक गन्स्टन यांनी बिजागरी वगळून फक्त पृष्ठभाग बदलले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि मध्य प्रदेशात जन्मलेले चित्तरंजन राणावत यांचा ‘टोटल कंडायलर’ सांधा आला. आजचे बहुतेक सांधे त्याच घराण्यातले. राणावतांनीच २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हा हे ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत झालं.

सांधा टिकू लागल्यावर खरा प्रश्न उरला तो कोणाचा आणि कधी बदलायचा, हा. एक्स-रेवरच्या झिजेच्या पायऱ्या १९५७ पासून वापरात आहेत, पण त्या वेदना मोजत नाहीत: चौथ्या, म्हणजे सर्वाधिक झिजेच्या, पायरीचा माणूस बाजारहाट करतो, दुसरीतला जिना चढू शकत नाही. दुर्बिणीने सांधा धुण्याची तर चलतीच होती. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या १८० रुग्णांवरील चाचणीत काहींना फक्त त्वचेवर छेद दिले. दोन वर्षांनी त्यांचं दुखणं आणि सांधा धुतलेल्यांचं दुखणं सारखंच निघालं.

२०१५ ची डॅनिश चाचणी निर्णयाला सर्वांत उपयोगी. व्यायाम, आहार, औषधं असे १२ आठवड्यांचे उपचार १०० जणांना ठरवून दिले, निम्म्यांचा गुडघाही बदलला. बदललेल्यांना आराम जास्त मिळाला, गंभीर गुंतागुंतीही जास्त झाल्या. उरलेल्या ५० पैकी ३७ जणांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही.

भारतात २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली गेली. पैशांची अडचण त्याने थोडी हलकी झाली. मांडी घालून बसणं मात्र बऱ्याच जणांना नंतर जमत नाही, आणि साधारण पाचातल्या एकाचं दुखणं काही प्रमाणात उरतं. सही करण्याआधी सर्जनला हे दोन्ही स्पष्ट विचारावं.