फ्रेम असताना पाय टेकवायचा नाही?

"पाय लांब करायचं ऑपरेशन झालं की फ्रेम निघेपर्यंत पाय टेकवू नका, हाड मोडेल." हा मेसेज काळजीपोटीच पुढे जातो, पण त्यामुळे पेशंट विनाकारण अंथरुणाला खिळतो.

या ऑपरेशनमध्ये हाड कापतात आणि बहुधा पायाभोवती बाहेरून फ्रेम, म्हणजे हाडाला धरून ठेवणारा सांगाडा, बसवतात. त्यानंतर साधारण 5 ते 7 दिवस थांबतात. मग रोज 1 मिमी, तेही 0.25 मिमीच्या चार टप्प्यांत, कापलेल्या हाडाची टोकं दूर नेतात. फटीत नवं हाड धरतं. रिंगची फ्रेम असेल तर बराचसा भार ती पेलते आणि बेताच्या वजनाने हाड भरायला मदतच होते. म्हणून बहुतेकांना वॉकरवर लवकर उभं करतात. हाडाच्या आत लांबणारा रॉड असेल तर मात्र सांभाळा, बऱ्याच रॉडना पूर्ण वजन सोसत नाही.

मर्यादा सर्जनना किलोत विचारा. 15 किलो सांगितलं, तर वॉकर धरून तो पाय वजनकाट्यावर दाबून बघा, अंदाज येतो.

खरी अडचण स्नायूंची. नडगी वाढते, पोटरी मागे राहते, टाच उचलली जाते. गुडघा सरळ ठेवून टॉवेलने पंजा रोज स्वतःकडे ओढा. काटकोनापर्यंत येईनासा झाला तर फिजिओला लगेच दाखवा.

ठाण्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत राहता? चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पूर्ण वजन कधी? समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या निदान तीन अखंड जुळलेल्या हव्यात. वाढवलेल्या दर सेंटिमीटरला महिनाभर किंवा जास्तच लागतो.