मत्स्यपेटीतील वनस्पती आणि त्यांची चुकीची नावे

मत्स्यपेटीसाठी रोप विकत घेताना त्याच्यासोबत जे नाव मिळते, ते बहुधा रोपवाटिकेने किंवा घाऊक व्यापाऱ्याने दिलेले असते आणि ते एकदा रूढ झाले की वर्षानुवर्षे तसेच चालत राहते. रोटाला इंडिका हे याचे ठळक उदाहरण. ही मेंदीच्या कुळातील लहानशी वनस्पती आपल्याकडच्या भातखाचरांत तण म्हणून उगवते. पण मत्स्यपेटीच्या व्यापारात या नावाने कित्येक दशके जे रोप विकले गेले, ते तिच्याच प्रजातीतील, म्हणजे ‘रोटाला’ या गटातील, पण वेगळ्या जातीचे रोटाला रोटुंडिफोलिया होते. खरी रोटाला इंडिका पुढे बाजारात आली तेव्हा तिचे नाव आधीच दुसरीकडे गेलेले होते, म्हणून की काय, ती ‘अमानिया बोन्साय’ या भलत्याच नावाने विकली गेली.

या दोघींतील फरक फुलांवरून चटकन कळतो. रोटुंडिफोलियाची गुलाबी फुले फांदीच्या टोकावर दाट मंजिरीत येतात, तर इंडिकाची बारीक फुले पानांच्या बगलेत लपलेली असतात. घोटाळा त्याहून मोठाही होऊ शकतो. पोगोस्टेमॉन इरेक्टस ही तुळशीच्या कुळातील, कास पठारावरच्या जांभळ्या मंजिरीची बहीण शोभेल अशी वनस्पती. तीही ‘रोटाला व्हर्टिसिलॅरिस’ म्हणून विकली जात होती. म्हणजे येथे जातच नव्हे, तर कूळसुद्धा चुकले होते.

असे होण्याचे कारण पाण्यातच आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे बुडून वाढणाऱ्या अनेक वनस्पतींची पाने पातळ, अरुंद किंवा धाग्यांसारखी चिरलेली होतात आणि एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या वनस्पती सारख्या दिसू लागतात. यांतील बहुतेकींची फुले मात्र पाण्याबाहेरच उमलतात आणि त्यांत कुळाची लक्षणे टिकून राहतात. पेटीत फुले क्वचितच येतात, ही खरी अडचण.

त्यामुळे प्रथम पेरे पाहावीत. रोपांच्या जुडीला बांधलेला रबर काढून एक काडी वेगळी करावी आणि एका पेरावर किती पाने आहेत व ती कशी फुटली आहेत, हे साध्या भिंगातून तपासावे. कॅबोम्बा कॅरोलिनियाना या जातीत देठ असलेली, पंख्यासारखी चिरलेली पाने समोरासमोर जोडीने येतात. तिच्याच नावाने खपवल्या जाणाऱ्या लिम्नोफिलात, म्हणजे दुकानातल्या अंबुलियात, पाने खोडाभोवती वलयाने असतात. सेराटोफायलमला मुळेच नसतात आणि त्याची पाने दुभंगत जाणारी, काहीशी खरखरीत असतात. मायरिओफायलमचे पान पिसासारखे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना धागे असलेले असते. शाळेच्या प्रयोगातून ओळखीचा असलेला हायड्रिला आणि दक्षिण अमेरिकेतील एजेरिया यांत पानाची कड पाहावी: हायड्रिलाचे दाते नुसत्या डोळ्यांनी दिसतात व बोटांना जाणवतात, एजेरियाचे भिंगाखेरीज सहसा दिसत नाहीत.

ही लक्षणेही फसवू शकतात, कारण अनेक रोपवाटिका पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. हायग्रोफिला डिफॉर्मिसची हवेतील पाने अंडाकृती व दातेरी असतात, आणि पेटीत लावल्यावर येणारी पाने खोलवर चिरलेली असतात. पुष्कळ जण रोप चुकीचे मिळाले म्हणून दुकानदाराशी भांडतात ते याच टप्प्यावर. त्यामुळे पाण्याखाली नवी पाने फुटेपर्यंत निर्णय देऊ नये. तशाच चिरलेल्या पानांचा सेराटोप्टेरिस हा नेचा आहे. त्याचे कोवळे पान गुंडाळी उलगडत वाढते, एवढी एक खूण त्याला वेगळे काढण्यास पुरते.

काही रोपे तर पाणवनस्पती नसतातच. लकी बांबू, ओफिओपोगॉन आणि जांभळ्या पानांचा हेमिग्राफिस ही जमिनीवरची रोपे सर्रास पेटीसाठी विकली जातात. त्यांच्या पानांवरील जाड मेणचट थरातून पाण्यातला वायू पुरेसा आत जात नाही. साठवलेल्या अन्नावर ती काही आठवडे, कधी काही महिने तग धरतात आणि मग कुजू लागतात. विक्रेता दोष पाण्याला देतो.

फुलांची खात्री हवी असेल तर रोटाला किंवा लिम्नोफिलाचे दोन शेंडे ओल्या मातीच्या उथळ भांड्यात, खिडकीतल्या उजेडात लावावेत. पाण्याबाहेर आल्यावर ती बहुधा फुलतात.

ओळख चुकण्याची किंमत पेटीबाहेरही मोजावी लागते. पुढे उपद्रवी तण ठरलेला हायड्रिला 1950च्या दशकात मत्स्यपेटीसाठी श्रीलंकेतून अमेरिकेतील फ्लोरिडात नेला गेला. तेथील जलाशयांत तो 1960च्या सुमारास आढळला, तेव्हा तो एलोडिया ही त्याच्यासारखीच दिसणारी पाणवनस्पती समजला गेला आणि त्याला ‘फ्लोरिडा एलोडिया’ म्हणू लागले. एलोडियात बहुधा तीन-तीन पानांची वलये असतात. हायड्रिलात चार ते आठ.