'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल नेमकी कधी पुसली जाते?

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक समज बरीच वर्षं फिरतोय: फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी ("w"), उघडली, तरी राइट (लिहिण्याची आज्ञा) चालवेपर्यंत जुना मजकूर शाबूत राहतो. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. ओपन (फाइल उघडण्याची आज्ञा) चालताक्षणीच फाइल रिकामी होते.

पडताळून बघा. नोटपॅडमध्ये 'दूध, साखर, चहापत्ती' लिहून सेव्ह करा. तीच फाइल पायथनमध्ये 'डब्ल्यू'ने उघडा आणि काहीही न लिहिता क्लोज करा. आता आकार दिसेल 0 बाइट. रिसायकल बिनमध्येही काही सापडणार नाही.

मजकुराच्या शेवटी भर घालायची असेल तर 'ए' मोड ("a"). आणि पायथनच्या 3.3 आवृत्तीपासून नवी फाइल बनवणारा 'एक्स' ("x") मोडही आहे, जो फारसा कुणी शिकवत नाही: फाइल आधीच असेल तर तो एरर देतो, मजकुराला हात लावत नाही.